कर्करुग्णाचे मन, भ्रमणध्वनी आणि ‘ज्ञापकत्व’

सेमाडोह हे मेळघाटच्या अरण्यातील, सिपना नदीकाठचे गाव. तेथील कोणास कर्करोगाचे निदान झाले, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार वा केमोथेरपीसाठी परतवाड्यामार्गे अमरावती, नागपूर किंवा थेट मुंबई गाठावी लागते. उपचार तेथे होतात. परंतु दोन फेऱ्यांमधील रात्री रुग्ण घरीच काढतो. त्या रात्रींतील भय, निद्रानाश, कर्जाची चिंता आणि ‘आपण घरावर भार झालो’ ही खंत केसपेपरवर क्वचितच उमटते.

हे अंतर भ्रमणध्वनीने कमी होऊ शकेल काय? याच रस्त्यावरील हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले व तेथे दूरवैद्यकाचा प्रयोग झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेली मानस’ ही विनामूल्य मानसिक आरोग्यसेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर तेथे मराठीतूनही बोलता येते. साधने येत आहेत. ती घडविताना रुग्णास विचारले जाते काय, हा आमचा प्रश्न आहे.

चरकसंहितेत वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. रोग्याच्या चार गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, हा एक गुण आहे. सत्त्वावजय चिकित्सेचा तर तोच पाया होय. रुग्ण हा चिकित्सेचा पाद असेल, तर चिकित्सेच्या साधनाच्या घडणीतही त्याचे स्थान असले पाहिजे.

एक उदाहरण पाहू. कर्करुग्णांसाठी ० ते १० अंशांची ‘तणावमापी’ पट्टी प्रचलित आहे. गेल्या आठवड्यातील मनस्ताप रुग्णाने तीवर दाखवावयाचा. ४ वा त्याहून अधिक अंक आल्यास पुढील चौकशी करावयाची. परंतु मनाचे दुःख आकड्यात सांगण्याची ज्यास सवय नाही, त्याने काय करावे? कोरकू ही मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे. मराठी वाक्यांचे शब्दशः रूपांतर करून तिच्यातील दुःख उलगडणार नाही. शिवाय घरात एकच भ्रमणध्वनी असेल आणि तो मुलाच्या खिशात असेल, तर आईचा गोपनीय संदेश कोण वाचणार? अक्षरांऐवजी आवाज हवा काय? पडद्यावर रोगाचे नाव दिसावे काय? याची उत्तरे शहरातील तंत्रज्ञ देऊ शकणार नाहीत. ती रुग्ण व त्याची शुश्रूषा करणारेच देतील.

म्हणून पहिल्या आराखड्यापासून त्यांना सोबत बसवावे, त्यांचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी द्यावी, आणि त्यांच्या सूचनेनुसार केलेला बदल त्यांनाच पुन्हा दाखवावा. अखेरीस केवळ संमतीची सही घेणे म्हणजे सहभाग नव्हे.

यात आपले काम कोणते? रुग्णाचे नातलग झोपेचे औषध मागावयास प्रथम आपल्या दवाखान्यात वा औषधी दुकानात येतात. त्यांना दोन शब्द अधिक विचारावेत. चालू कर्करोगोपचार थांबविण्याचा सल्ला कदापि देऊ नये. आपण दिलेल्या औषधांची यादी कर्करोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचवावी. जीव देण्याची भाषा ऐकू आल्यास रुग्णास एकटे सोडू नये; त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे.

आणि उद्या असे एखादे ॲप घेऊन कोणी आपल्याकडे आले, तर त्यास पहिला प्रश्न हाच विचारावा: हे कोणत्या रुग्णांसोबत बसून घडविले?