जुनी बंदुकीची दारू : घरात साठविलेला धोका

शिरूर तालुक्यातील भीमा, घोड व वेळ या नद्यांच्या काठची शेती पिकांनी जशी समृद्ध आहे, तशीच ती वन्य प्राण्यांच्या उपद्रवानेही ग्रासलेली आहे. रात्री रानडुकरांचा कळप उभ्या मक्यात किंवा भुईमुगात शिरला म्हणजे सकाळी शेतकऱ्याच्या हाती केवळ चिपाडे उरतात. या कारणास्तव पूर्वीच्या पिढीतील काही शेतकऱ्यांनी पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने घेतले होते. आज त्यांपैकी कित्येक बंदुका वापरात नाहीत. काहींचे मूळ परवानाधारक हयातही नाहीत. परंतु त्या बंदुकीबरोबर आणलेली दारू, केप व छर्रे पुष्कळदा माळ्यावरील डब्यात तसेच पडून असतात.

घर पाडताना, वाटणी होताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना असा डबा हाती लागतो. मग घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, "इतक्या वर्षांची दारू आता मेली असेल, उकिरड्यावर फेकून द्या." दुसरा म्हणतो, "पैसे देऊन आणलेली वस्तू आहे. उन्हात वाळवू आणि बार भरू." ही दोन्ही मते चुकीची असून दोन्ही जिवावर बेतणारी आहेत. ती का, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दारूचे दोन प्रकार

बंदुकीची दारू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिली काळी दारू. ती सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण असून ठासणीच्या बंदुकीत हीच वापरली जाते. दुसरी बिनधुराची दारू. हिचा शोध फ्रान्समध्ये पॉल व्हियेय यांनी १८८४ साली लावला. ती नायट्रोसेल्युलोज या रासायनिक पदार्थापासून बनते व काडतुसांत भरलेली असते.

या दोहोंचा स्वभाव अगदी भिन्न आहे आणि जुनी झाल्यावर त्या बिघडतात त्याही निरनिराळ्या रीतीने.

काळी दारू मरत नाही

काळी दारू कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षे, किंबहुना पिढ्यान्‌पिढ्या, जिवंत राहते. तिच्या घटकांत आपोआप फारसा बदल होत नाही. म्हणून आजोबांच्या काळचा डबा नातवाच्या हाती आला तरी एका ठिणगीने त्याचा भडका उडू शकतो. "जुनी म्हणजे निकामी" हा समज येथे पूर्णपणे खोटा ठरतो.

परंतु आपल्याकडील पावसाळ्यात डब्यात दमट हवा शिरते. सोरा पाण्यात विरघळतो. हवा कोरडी झाली की पुन्हा त्याचे स्फटिक बनतात. या क्रियेत सोरा कोळशापासून व गंधकापासून थोडाबहुत अलग होतो, दारूचे गोळे बनतात आणि मूळचे एकजीव मिश्रण बिघडते. अशी दारू वाळविली म्हणजे पूर्ववत होते, असे मानणे चूक आहे. गेलेला ओलावा निघून जातो. बिघडलेले मिश्रण मात्र सुधारत नाही. तिचा एक भाग मंद जळतो, तर दुसरा एकदम पेट घेतो.

त्याचा परिणाम बंदुकीत दिसतो. चाप ओढला तरी बार लगेच सुटत नाही. आत दारू धुमसत असते. "फुसका गेला" असे समजून मनुष्य नळीत डोकावतो किंवा बंदूक सोबत्याकडे वळवितो, आणि त्याच क्षणी बार उडतो. दुसऱ्या प्रसंगी बार अर्धवट सुटतो व छर्रे नळीतच अडकून राहतात. त्यावर पुन्हा बार ठासला तर नळी फुटते. अशा अपघातात पहिली इजा होते ती नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांना व नळी धरलेल्या हाताला.

बिनधुराची दारू आतून कुजते

बिनधुराच्या दारूची गोष्ट याहून निराळी आहे. नायट्रोसेल्युलोजचे अगदी सावकाश, पण अखंड विघटन होत असते. त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू बाहेर पडतात आणि हेच वायू पुढील विघटन अधिक वेगाने घडवून आणतात. हा वेग रोखण्यासाठी कारखान्यात दारू बनविताना डायफेनिलअमाइनसारखे संरक्षक द्रव्य मिसळलेले असते. ते द्रव्य हे वायू शोषून घेता घेता स्वतः संपत जाते. ते संपले की दारूला आवर घालणारे काही उरत नाही.

उष्णतेने ही क्रिया झपाट्याने वाढते. पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर, चुलीच्या धगीत वैशाखाच्या उन्हाळ्यात डबा किती तापत असेल, याची कल्पना शेतकऱ्यास देण्याची आवश्यकता नाही. गवताची ओली गंजी आतल्या आत तापून पेट घेते, हे आपण जाणतो. तद्वत बिघडलेली बिनधुराची दारू ठिणगीवाचूनही, स्वतःच्या उष्णतेने, पेट घेऊ शकते.

याचा मोठा धडा जगाला फ्रान्सच्या तूलाँ बंदरात मिळाला. १९०७ साली 'इयेना' व १९११ साली 'लिबेर्ते' या दोन युद्धनौका दारूच्या कोठारातील स्फोटांनी नष्ट झाल्या आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. साठवणीत बिघडलेली बिनधुराची दारू हे या अनर्थांचे कारण मानले गेले. ज्या देशाने या दारूचा शोध लावला, त्याच देशाच्या आरमारावर हा प्रसंग आला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आंबूस व नाक झोंबणारा वास, तांबूस भुकटी, तांबडट धूर, डब्याला आतून चढलेला गंज ही बिघाडाची लक्षणे सांगितली जातात. परंतु ती पाहण्यासाठी डबा उघडू नये. लक्षण न दिसणे म्हणजे दारू सुरक्षित असणे नव्हे.

पुन्हा बार भरणे का टाळावे?

जुन्या डब्यावरील चिठ्ठी बहुधा फाटलेली किंवा पुसलेली असते. आत कोणती दारू आहे, ती कधीची आहे, त्यात आणखी काही मिसळले आहे काय, हे डोळ्यांनी पाहून खात्रीने सांगता येत नाही. काळ्या दारूसाठी घडविलेल्या ठासणीच्या बंदुकीत चुकून बिनधुराची दारू पडली, तर नळीतील दाब तिला सोसवेनासा होऊन बंदूक हातातच फुटते. शिवाय बिनधुराच्या दारूच्या दाण्यांचे ज्वलन ताब्यात ठेवण्यासाठी योजलेली द्रव्ये काळाने निकामी झाली म्हणजे तीच दारू अपेक्षेपेक्षा वेगाने जळते. सबब, पूर्वी जे माप चालत होते, ते आज चालेल असे नाही. केप तर दारूहूनही अधिक नाजूक असतात. गंजलेले केप आपटण्याने वा घासण्यानेही उडू शकतात.

यात कायद्याचाही प्रश्न आहे. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेल्या शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्यावाचून बंदूक अथवा दारूगोळा बाळगता येत नाही. त्याच्या पाचव्या कलमान्वये दारूगोळा तयार करण्यासही परवाना लागतो आणि त्याच्या भंगास कडक कारावासाची शिक्षा आहे. घरी बसून काडतुसे पुन्हा भरणे हा किरकोळ उद्योग नव्हे. परवानाधारक मृत्यू पावला अथवा परवान्याची मुदत संपली, तर एकविसाव्या कलमाप्रमाणे बंदूक व दारूगोळा विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. "वडिलांची आठवण" म्हणून तो घरात ठेवण्याची मुभा वारसास आपोआप मिळत नाही.

डबा सापडल्यास काय करावे?

१. डबा जेथे असेल तेथेच राहू द्यावा. तो उघडू नये, हलवू नये, आपटू नये व खरवडून पाहू नये.

२. जवळची चूल, दिवा, उदबत्ती व विडी विझवावी. मुलाबाळांना व गुराढोरांना तेथून दूर न्यावे. दाराशी एका जाणत्या माणसाने सुरक्षित अंतरावर थांबून कोणास आत जाऊ देऊ नये.

३. पोलीस ठाण्यास त्वरित कळवावे. शिक्रापूर व भोवतालच्या गावांसाठी शिक्रापूर येथेच पोलीस ठाणे आहे. ११२ या क्रमांकावरही वर्दी देता येते. डबा स्वतः मोटारसायकलीवर घालून ठाण्यात नेऊ नये. तज्ज्ञ पथक येऊन त्याची व्यवस्था लावील.

४. दारू विहिरीत, ओढ्यात किंवा कालव्यात टाकू नये. पाण्याने ती तात्पुरती निष्क्रिय झाल्यासारखी दिसली तरी वाळल्यावर पुन्हा पेटू शकते आणि पिण्याचे पाणी मात्र दूषित होते. ती पुरू नये; पुढे नांगराचा फाळ तेथेच लागेल. ती जाळूही नये. दारूत सोरा असतो म्हणून ती खतासारखी शेतात पसरावी, असा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये.

दारूगोळा नष्ट करणे हे किती जोखमीचे काम आहे, हे आपल्याच राज्यात दिसून आले आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील दारूगोळा भांडाराच्या परिसरात २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामी स्फोट होऊन सहा जणांना प्राण गमवावे लागले. राखीव मैदान असलेल्या ठिकाणी हे घडते, तर परसात ते करू पाहणाऱ्याने काय समजावे?

पिकाचे रक्षण कसे करावे?

बंदूक ठेवून दिली तर पिकाचे काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. मात्र परवान्याची बंदूक असली तरी तिने रानडुकरावर बार टाकण्यास वन विभागाची स्वतंत्र परवानगी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार उभ्या पिकाची हानी करणाऱ्या प्राण्याबाबत अशी परवानगी देण्याची तरतूद आहे. चासकमानच्या पाण्यावर वाढलेल्या उसात बिबट्याचाही वावर असतो. त्यास या कायद्याचे सर्वोच्च संरक्षण असून त्याच्याविषयीची वर्दी वन विभागासच द्यावयाची असते.

जुनी दारू कणकेत भरून रानडुकरांसाठी शेतात ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. हा गुन्हा तर आहेच. शिवाय त्यात शेजाऱ्याची गाय, राखणीचा कुत्रा किंवा उत्सुकतेने तो गोळा उचलणारे मूल बळी पडते. कुंपणात विजेचा थेट प्रवाह सोडणेही तितकेच प्राणघातक आहे. त्याऐवजी मान्यताप्राप्त सौर कुंपण घालावे, शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून आळीपाळीने राखण करावी आणि नुकसान होताच पंचनाम्यासाठी वन विभागाकडे तत्काळ अर्ज करावा.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने हा विषय ग्रामसभेत काढावा. कोणाच्या घरी काय आहे, याची चारचौघांत चौकशी करू नये. त्याने लोक माहिती लपवितात. जेथे जुनी परवान्याची बंदूक होती, तेथील वडीलधाऱ्यांशी शांतपणे बोलावे. आपण होऊन कळविणे आणि झडतीत सापडणे यांत मोठे अंतर आहे, हे त्यांना पटवून द्यावे व अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे.

दारूची साठवण ही जबाबदारीची गोष्ट आहे, हे आपल्या पूर्वजांस पुरते ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरील दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, दारूस सर्दी लागू देऊ नये, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी येऊन ती तपासावी व तेथे सदैव पहारा असावा, असे बजावले आहे. ज्यांच्यापाशी गड, पहारेकरी व जाणते गोलंदाज होते, त्यांनीही दारू घरापासून दूर ठेविली. आपण मात्र ती लेकरांच्या उशाशी, चुलीवरच्या माळ्यावर विसरून गेलो आहोत. यंदाच्या उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक जुन्या घराच्या माळ्याची आठवण करावी आणि तेथे असा डबा असल्याची शंका येताच हात न लावता वर्दी द्यावी.