तीन गिटारी आणि रिकामे हात
विलायती रॉकच्या वाटा : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण रेडिओहेडला १९९७ सालात सोडलं होतं. ‘ओके कम्प्युटर’ बाजारात आलेला, ग्लॅस्टनबरीची मैफल गाजलेली आणि दौऱ्यांनी टॉम यॉर्क पार पिळून निघालेला. त्याच्या त्या लांबवलेल्या, रडवेल्या गायकीची नक्कल करणारे बँड तोवर ब्रिटनमध्ये पैशाला पासरी झाले होते. त्याच वळणाचा आणखी एक अल्बम काढला असता तर तो हातोहात खपला असता. पण यॉर्कला गाणंच सुचेना. सुरू करायचं आणि अर्ध्यावर टाकून द्यायचं, असं चाललेलं. चाल या गोष्टीचाच त्याला वीट आला होता. ऐकायचा तो एफेक्स ट्विन आणि ऑटेकर. म्हणजे ज्यात गायक नाही, गिटार नाही, असं वॉर्प कंपनीचं यंत्रसंगीत.

आता अडचण अशी, की हा बँड तीन गिटारींचा. यॉर्क, जॉनी ग्रीनवुड आणि एड ओब्रायन. शिवाय बासवर जॉनीचा थोरला भाऊ कॉलिन आणि ड्रम्सवर फिल सेल्वे. ऑक्सफर्डशायरमधल्या अॅबिंग्डनच्या शाळेत १९८५च्या सुमारास जमलेली ही पाच पोरं. तेव्हापासून गडी तेच. मुख्य गायकानं उठून ‘गिटार नको’ म्हटलं, की बाकीच्यांनी करायचं काय?

१९९९च्या जानेवारीत पॅरिसमध्ये काम सुरू झालं. मग कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशायरमधला एक वाडा, शेवटी ऑक्सफर्डजवळचा स्वतःचा स्टुडिओ. टेपांचा ढीग वाढत गेला, पुरी झालेली गाणी मात्र थोडीच. प्रसिद्ध करण्याजोगा अल्बम जमला नाही तर बँड मोडायचा, इथवर बोलणी गेली. निर्माता नायजेल गॉड्रिचनं तेव्हा एक युक्ती काढली. त्यानं बँडचे दोन गट पाडले. एका गटानं गिटार-ड्रम्सना हात न लावता काहीतरी आवाज निर्माण करायचा, दुसऱ्यानं तो पुढे न्यायचा. यातून एकही गाणं पुरं झालं नाही. पण यंत्रांतूनही संगीत निघू शकतं, हे बिचकलेल्या मंडळींना पटलं. माझ्या मते खरी कलाटणी इथली आहे. प्रत्येक गाण्यात प्रत्येकानं वाजवलंच पाहिजे हा हट्ट पाचही जणांनी सोडला, आणि तो सोडणं गिटार सोडण्यापेक्षा अवघड होतं.

‘इडिओटेक’ हे गाणं कसं जुळलं ते पाहा. जॉनीनं एका मॉड्युलर सिंथेसायझरवर, बरोबर इतर काही आवाज मिसळून, पन्नासेक मिनिटांचं ध्वनिमुद्रण केलं आणि ते यॉर्कच्या हाती दिलं. बहुतेक सगळा गोंगाटच. त्यात मध्येच चाळीसेक सेकंदांचा एक तुकडा यॉर्कला सापडला आणि तेवढाच कापून त्यानं त्यावर गाणं उभं केलं. त्या तुकड्यातले चार कॉर्ड पॉल लॅन्स्की या अमेरिकी संगीतकाराच्या ‘मिल्ड उंड लाइझे’ या रचनेतले. लॅन्स्कीनं १९७३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अवाढव्य संगणकावर केलेली ही रचना मुळात वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’मधल्या कॉर्डवर बेतलेली. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेरातला एक कॉर्ड असा फिरत फिरत ऑक्सफर्डच्या नाचऱ्या ठेक्याखाली येऊन बसला. जॉनीनं लॅन्स्कीला रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली होती, हेही सांगायला हवं.

याच जॉनीचं दुसरं वेड म्हणजे ओंद मार्तनो. मॉरिस मार्तनो या फ्रेंच गृहस्थानं १९२८ साली लोकांपुढे आणलेलं हे विजेवरचं वाद्य. पट्ट्या पेटीसारख्या, पण बोटात एक कडी घालून ती तारेवरून सरकवली, की पेटीला जन्मात जमणार नाही अशी मींड निघते. ऑलिव्हिए मेसियाँची सिंफनी शाळकरी वयात ऐकली तेव्हापासून जॉनी या वाद्याच्या मागे होता. (पुढे २०१५ साली हाच माणूस जोधपूरच्या मेहरानगढात शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादकांबरोबर ‘जुनून’ ध्वनिमुद्रित करत बसला. त्याच्या कुतूहलाला कुंपण नाही.)

या सगळ्या खटाटोपातून ‘किड ए’ हा अल्बम २००० सालच्या ऑक्टोबरात आला. एकही सिंगल काढलं नाही, नेहमीसारखे व्हिडिओही केले नाहीत. ब्रिटनमधल्या काही समीक्षकांनी यथेच्छ झोडपला. तरी ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे तो विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. तेव्हापासून त्यावर ‘इलेक्ट्रॉनिक अल्बम’ असा शिक्का बसला आहे. मला तो अर्धाच पटतो. ‘हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ ऐका. त्यातला व्हायोलिन-चेलोंचा ताफा डॉर्चेस्टरच्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये बसून वाजवला आहे. ‘द नॅशनल अँथम’चा कणा म्हणजे यॉर्कला सोळाव्या वर्षी सुचलेली बासची ओळ, आणि तिच्यावर चार्ल्स मिंगसच्या जॅझची आठवण करून देणारा पितळी वाद्यांचा धिंगाणा. ‘ट्रीफिंगर्स’ हे तर निव्वळ यंत्राचं काम वाटतं. पण ते ओब्रायनच्या गिटारीतूनच काढलेलं आहे. फक्त ओळख पुसलेली.

त्याच बैठकांतून उरलेला माल २००१ साली ‘अम्नेझिअॅक’ नावानं आला. उरलेला म्हणून त्याला कमी लेखू नका. ‘लाइक स्पिनिंग प्लेट्स’मध्ये ‘आय विल’ नावाचं एक न जमलेलं गाणं टेप उलटी फिरवून वापरलं आहे. यॉर्कनं त्या उलट्या गाण्याची चाल पाठ केली, गायली आणि गायलेलं पुन्हा उलटं केलं. शब्द कळतात, पण उच्चार माणसाचा वाटत नाही. मैफलीत हे कसं करणार? त्यांनी सरळ पियानो पुढे ओढला आणि मूळ चालीत ते गाऊन टाकलं. अनेकांना तेच रूप जास्त आवडतं, मला नाही.

रेकॉर्ड कंपनीशी झालेला करार संपल्यावर, २००७ साली, या मंडळींनी अल्बमची किंमत ऐकणाऱ्यानंच ठरवावी असं जाहीर केलं. त्या ‘इन रेनबोज’विषयी पुढच्या आठवड्यात.