शहरातला फ्लॅट : किती रुपयांपर्यंत बोलावे?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे. फ्लॅटची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण भोकरदन भागात लागणीची नोंद घ्यायला बांधावर गेले की हा प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोरं संभाजीनगरला शिकायला हायेत. खोलीभाड्यानं जीव मेटाकुटीला आला. मालक ३४ लाख म्हणतो, आपण किती म्हणावं?"

याचे उत्तर मालकाच्या आकड्यात नाही. मालकाने ३४ सांगितले की आपण ३२ वर यायचे, हा बैलबाजारातला हिशेब झाला. आपला शेवटचा आकडा घरीच, कागदावर ठरला पाहिजे. त्यासाठी दोन हिशेब करावेत.

पहिला हिशेब मालाचा. उसाचे पैसे वजनावर मिळतात, फडाच्या दिसण्यावर नाही. फ्लॅटचे वजन म्हणजे चटई क्षेत्र, अर्थात भिंतींच्या आतली वापराची जागा. 'सुपर बिल्टअप' मध्ये जिना आणि मोकळी जागाही धरलेली असते. तो आकडा बाजूला ठेवावा. मग त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीत वर्षभरात झालेले तीन-चार व्यवहार पाहावेत. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन, म्हणजे 'इंडेक्स टू', यात नोंदलेली किंमत आणि क्षेत्र दोन्ही असतात. दलालाचे तोंड आणि इंडेक्स टू यांत फरक पडला तर कागद खरा मानावा. मात्र सर्व क्षेत्रे चटईचीच आहेत ना, हे तपासून मगच तुलना करावी.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. चटई क्षेत्र ६०० चौरस फूट. शेजारचे व्यवहार फुटाला सरासरी ५,४०० रुपयांनी झाले असे धरू. किंमत होते ३२ लाख ४० हजार. गळकी मोरी, जुनी वायरिंग, रंग यांना ९० हजार लागतील, ते वजा करावेत. मालाची किंमत उरली ३१ लाख ५० हजार.

दुसरा हिशेब खिशाचा. जवळ १२ लाख, बँक देते २२ लाख, मिळून ३४. मालकाचा आकडा नेमका जुळला म्हणून इथेच माणूस फसतो! मुद्रांक शुल्क, नोंदणी फी (किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार), वकील आणि वरची दुरुस्ती मिळून साडेतीन लाख धरा. हातात उरले साडेतीस लाख. दोन्ही हिशेबांतला जो लहान आकडा, तोच आपला शेवटचा. इथे ३० लाख ५० हजार. बोलणी २९ पासून सुरू करावी आणि साडेतीसच्या वर एक पाऊलही जाऊ नये.

कर्जाचाही विचार करा. २२ लाखांना २० वर्षे आणि ९ टक्के व्याज धरले तर महिन्याला सुमारे १९,८०० रुपये हप्ता येतो. टनाला ३,००० रुपये हाती पडतात असे मानले तरी वर्षाला जवळजवळ ७९ टन ऊस नुसत्या हप्त्याला जातो. शिवाय हप्ता दरमहा आणि बिल हंगामातून. ऊस गाळपाला गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी द्यावी असा नियम आहे; पण तोड केव्हा येईल हे पाऊस आणि टोळी ठरवते. म्हणून सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय व्यवहारात पडू नये.

रेडी रेकनरचा दर म्हणजे बाजारभाव नव्हे. पण ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरचे मूल्य यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क बसते. तो आकडा आधीच काढून ठेवावा. "थोडे रोखीत द्या, कागदावर कमी दाखवू" असे कोणी म्हटले तर सरळ उठून यावे. तो आयकराचा गुन्हा तर आहेच, शिवाय व्यवहार मोडल्यास रोखीचा पुरावा राहत नाही.

नव्या इमारतीत महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या फ्लॅटला सोसायटीची बाकी, बँकेचा बोजा आणि सिडकोची जागा असल्यास हस्तांतराची परवानगी पाहावी. हे सर्व इसार देण्याआधी.

एका सभासदाने मुलीचे कॉलेज उघडणार या घाईत पहिल्याच भेटीत लाखाचा इसार दिला. आठ दिवसांनी शेजारच्या फ्लॅटची इंडेक्स टू हाती आली, तेव्हा आपण तीन लाख जादा कबूल केल्याचे कळले. मागे फिरावे तर इसार बुडतो, पुढे जावे तर तीन लाख. तीन लाख म्हणजे शंभर टन उसाचे पैसे. फडात शंभर टन पिकवायला काय लागते, हे मी आपल्याला सांगायला नको.

भाड्याने आणखी सहा महिने काढले तरी चालतील. आकडा मात्र आधी कागदावर ठरवा, घरातल्या बाईमाणसांसमोर ठरवा, आणि तो कागद खिशात घेऊनच गाडीत बसा.

– ऊस विकास अधिकारी