दुबळा बैल कोणता?

शेतकरी वाचकांस हे सांगावयास नको की, जोडीतला एक बैल कितीही दांडगा असला तरी नांगर चालतो तो दुबळ्या बैलाच्या चालीने. दांडगा बैल विकून त्याच्या जागी त्याहून दांडगा आणून बांधला, तर पैसा मात्र जातो आणि नांगरट होती तेवढीच होते. आपल्या घरातील तरुण मुले ज्या संगणकापुढे बसतात, त्या यंत्रासही हेच शहाणपण जसेच्या तसे लागू पडते. बडोद्यातील एका ख्रिस्ती घरी २०२५ सालच्या मे महिन्यात जे पाहिले, त्यावरून हे लिहीत आहे. हा प्रश्न आज शहरापुरता राहिलेला नाही. तो खेड्यांतील घरांतही येऊन पोहोचला आहे.

घराणे मूळचे महाराष्ट्रातल्या एका खेड्यातले. वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीवर कामास जातात. २०२१ साली शाळा घरी बसून भरत होत्या, त्या दिवसांत त्यांनी मुलासाठी एक वापरलेला संगणक घेतला. मुलगा आता तंत्रनिकेतनात पदविकेचा अभ्यास करतो. अभ्यास आटोपल्यावर मित्रांच्या संगतीने संगणकावर खेळावे, ही त्याची हौस. परंतु खेळ ऐन रंगात आला की पडद्यावरचे चित्र अडखळे, थबके आणि मग एकदम उडी मारून पुढे जाई. मित्रांनी निदान केले की ग्राफिक्स कार्ड जुने झाले, नवे आणल्यावाचून गत्यंतर नाही. किंमत २८,००० रुपये.

वडिलांनी पोस्टातील आवर्ती ठेव मोडण्याचे ठरविले होते. मी घर आशीर्वादित करावयास गेलो असता आईने मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून हळूच सांगितले, “फादर, ती ठेव थोरलीच्या नर्सिंगच्या फीची आहे. धाकट्याला ते ठाऊक नाही, आणि हे त्याला सांगणार नाहीत. म्हणतात, पोराने आजवर काही मागितले नाही, एकदा मागितले तर नाही कसे म्हणू?”

मी या विद्येतला पंडित नव्हे. तथापि या वाटेवर मला एकदा ठेच लागलेली होती. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या कचेरीतील संगणक मंद झाला म्हणून मी उत्साहाने दुकानात जाऊन त्याची स्मृती, म्हणजे रॅम, वाढविण्यासाठी नवी पट्टी विकत आणली. घरी येऊन डबा उघडला तो पट्टी खाचेत बसेना. जुनी डीडीआर३ जातीची, नवी डीडीआर४ जातीची. दोहोंच्या खाचा वेगळ्या जागी असतात आणि एकीच्या जागी दुसरी कधीच बसत नाही. पाकीट फोडलेले असल्यामुळे दुकानदाराने ती परत घेतली नाही. चूक माझी, आणि पैसा मात्र दानपेटीतला. तेव्हापासून एक नियम शिकलो: आधी डबा उघडावा, आत काय आहे ते लिहून घ्यावे, मग बाजाराची वाट धरावी.

म्हणून मी मुलाला एवढेच विचारले, “बाळ, दुबळा भाग ग्राफिक्स कार्डच आहे, हे तू कशावरून ठरविलेस?” तो म्हणाला, “सगळे तसेच म्हणतात, फादर.”

यंत्राची ओळख

ज्या आईबापांना ही नावे परकी वाटतात, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. प्रोसेसर हा हिशेब करणारा मेंदू. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असताना लागणारे सारे जिन्नस ओट्यावर मांडलेले असावे लागतात. हार्ड डिस्क अथवा एसएसडी हे कोठार. वस्तू कायमच्या राहतात त्या तेथे. ग्राफिक्स कार्ड हा चित्रकार. पडद्यावरचे प्रत्येक दृश्य तो रंगवितो. एसएमपीएस म्हणजे या साऱ्यांना वीज वाटून देणारा डबा. आणि मदरबोर्ड ही ती पाटी, जिच्यावर हे सारे बसतात.

ओटा लहान असला तर स्वयंपाकिणीला दर दोन मिनिटांनी कोठारात धावावे लागते, आणि कोठार दूर व अंधारे असले तर चूल नुसती जळत राहते. अशा घरात अधिक हुशार स्वयंपाकीण आणून जेवण लवकर होत नाही.

पैसा खर्च करण्यापूर्वीची परीक्षा

ही परीक्षा फुकट आहे आणि प्रत्येक विंडोज संगणकात आहे. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तीत प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड प्रत्येकी शेकडा किती कामात गुंतले आहेत, ते दिसते. ग्राफिक्स कार्ड ९५ ते १०० वर आणि बाकीचे निवांत असतील, तर दुबळा बैल ते कार्डच. कार्ड ५० वर रेंगाळत असेल आणि प्रोसेसर घामाघूम असेल, तर प्रोसेसर. येथे एक सावधगिरी हवी. सहा गाभ्यांच्या प्रोसेसरमधला एकच गाभा पूर्ण दमलेला असला, तरी एकूण आकडा लहान दिसू शकतो. म्हणून दुसरी कसोटीही लावावी. खेळातील चित्राचा आकार, म्हणजे रेझोल्यूशन, कमी करून पाहावे. त्याने गती वाढली तर अडचण कार्डाची. गती होती तेवढीच राहिली तर कार्डाकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही.

आम्ही दोघे बसलो. मुलाच्या संगणकात रायझेन ५ २६०० हा २०१८ सालचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ साली आलेले कार्ड, ८ जीबीची एकच रॅम पट्टी आणि जुनी हार्ड डिस्क. खेळ अडखळला त्या क्षणी कार्ड ६०च्याही खाली होते. स्मृती ९३ वर आणि डिस्क १०० वर. चित्रकार कुंचला हाती धरून रंगांची वाट पाहत बसला होता. दुबळा बैल ज्याच्यावर आळ आला तो नव्हताच.

पहिले काम बिनपैशाचे केले. डबा उघडून पंख्यांतील धूळ झाडली. बडोद्याचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, आणि धुळीने कोंडलेला प्रोसेसर तापला की स्वतःच्या रक्षणासाठी आपली गती आपण कमी करतो. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. एवढ्यानेच पंख्याचा आवाज निम्मा झाला.

मग खरेदी. जुन्या पट्टीशी जुळणारी ८ जीबीची दुसरी डीडीआर४ पट्टी १,८०० रुपयांस, आणि ५०० जीबीची एसएसडी ३,२०० रुपयांस. एकाऐवजी दोन सारख्या पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या, म्हणजे स्मृती नुसती दुप्पट होत नाही, तर तिच्याकडे जाण्याचा रस्ताही दुपदरी होतो. हार्ड डिस्क सेकंदास फार तर १५० एमबीच्या आसपास माहिती वाचते. साधी एसएसडी ५०० एमबीच्या वर जाते. एसएसडीने चित्रांची संख्या वाढत नाही, हे ध्यानात असू द्यावे. परंतु कोठारापर्यंतची पायपीट संपते. एकूण ५,००० रुपये. त्या रात्री खेळ सुरळीत चालला.

काय जुळते, काय जुळत नाही

प्रत्येक घरची गोष्ट याच पट्टीने मोजता येणार नाही. कोठे कार्डच दुबळे निघेल, कोठे प्रोसेसर. म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो.

प्रोसेसर बदलण्यापूर्वी मदरबोर्डचे नाव वाचावे. एएम४ बैठकीच्या बी४५० मदरबोर्डवर, बायोस अद्ययावत केल्यावर, २०२२ साली आलेला रायझेन ५ ५६०० बसतो; म्हणजे मदरबोर्ड आणि रॅमचा खर्च वाचतो. त्याच साली आलेल्या एएम५ बैठकीस मात्र नवा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम, दोन्ही लागतात. इंटेलची बैठक दिसावयास सारखी असली तरी फसू नये. आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर चालत नाही. शिवाय विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ सर्वसाधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझेनची २००० मालिका यांपासून पुढच्याच प्रोसेसरांस स्वीकारते. त्याहून जुन्या यंत्रावर मोठा खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

कार्ड घेताना एसएमपीएसकडे आधी पाहावे. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डास ७५ वॅटच मिळतात. सहा खिळ्यांची जोडणी आणखी ७५ आणि आठ खिळ्यांची १५० वॅट देते. कॅबिनेटबरोबर स्वस्तात आलेल्या निनावी एसएमपीएसवर महागडे कार्ड टांगणे म्हणजे कुजलेल्या दोरावर भरली घागर सोडणे होय. कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते की नाही, हेही फुटपट्टीने मोजावे. आणि पडदा जर सेकंदास ६० चित्रे दाखविणारा असेल, तर १४० चित्रांची ऐपत विकत घेऊन उपयोग नाही. वरची चित्रे डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत.

वापरलेले कार्ड घेण्यात कमीपणा नाही. परंतु ते आपल्या समोर अर्धा तास खेळ चालवून पाहावे, बिल मागावे, आणि हमीची मुदत कार्डावरील क्रमांकावरून पडताळावी. रॅम हा फारसा न झिजणारा भाग आहे. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव भडकले. अशा काळी योग्य जातीची वापरलेली पट्टी हाच गरिबाचा मार्ग. बडोद्यात न मिळणारी वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सापडते, पण जाण्यायेण्याचे भाडे किमतीत मिळवूनच भाव स्वस्त की महाग ते ठरवावे.

खेळ आणि खेळणारा

कोणी विचारील, धर्मगुरूने मुलांच्या खेळासाठी एवढी शाई का खर्चावी? या बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली कलाभवन काढून मुलांच्या हाती यंत्रे दिली. हाताने यंत्र उघडून, समजून, पुन्हा जोडणे ही विद्या आहे आणि ती खेळाच्या निमित्ताने आली म्हणून हलकी होत नाही. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्यास संत म्हणून घोषित केले, तो कार्लो अकुतिस संगणकाचा मोठा भोक्ता होता. २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. व्हिडिओ खेळ त्यालाही आवडत. परंतु त्याने स्वतःस आठवड्यातून एका तासाची मर्यादा घालून घेतली होती. खेळ वाईट नाही. खेळाने मालक होणे वाईट.

आणि जेथे पैसा लावून खेळावयाचे, तेथे तर पाऊलही टाकू नये. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. कायदा झाला म्हणून मोह संपला, असे नव्हे. मुलगा काय खेळतो हे आईबापांनी रागावून नव्हे, तर शेजारी बसून पाहावे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. त्याने आधी बसून हिशेब करावा, हे त्या दाखल्याचे सांगणे. त्या मे महिन्याच्या संध्याकाळी आम्ही तिघांनी, म्हणजे वडील, मुलगा आणि मी, तसाच कागद घेऊन हिशेब मांडला. पुढे कधी तरी एसएमपीएस, त्यानंतरच कार्ड, असा क्रम लिहिला. ठेवीचा विषय मी काढला नाही. तो काढणे माझे काम नव्हते. मी वडिलांकडे नुसते पाहिले. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “ताईच्या फीचे पैसे होते ते.”

मुलाने मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्याने कागद ओढून घेतला आणि कार्डापुढे लिहिलेल्या रकमेखाली लिहिले, “माझ्या कमाईतून.”

थोरली त्याच वर्षी नर्सिंगच्या शिक्षणास लागली. कार्ड अद्याप आलेले नाही. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्या जुन्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणे थांबविले आहे. तेव्हा आज ना उद्या ते बदलावे लागेल. मुलगा सुटीच्या दिवशी धर्मग्रामातील लोकांचे संगणक साफ करून, रॅम बसवून देतो आणि मिळेल ते बाजूला ठेवतो. कचेरीतल्या संगणकाची धूळ त्याने फुकट झाडली. जाताना, माझ्याकडून चुकून आणली गेलेली ती डीडीआर४ पट्टी त्याने कपाटातून शोधून काढली आणि म्हणाला, “फादर, ही टाकू नका. ही ज्याला बसेल असा कोणी तरी सापडेल.” आठवड्याभरात सापडलाही.