परवाना मिळेल, पण वेळ मिळेल का?
लेखमाला : आपली सुरक्षितता – भाग ६

१७ मार्च २०२३ रोजी जत शहरात भरदिवसा एका माजी नगरसेवकाचा गोळ्या झाडून खून झाला. ते मोटारीतून निघाले होते, मारेकरी वाटेत दबा धरून होते. अशी घटना घडली की पारावर आणि चहाच्या टपरीवर एक प्रश्न हटकून निघतो : "आपल्याजवळही एखादं हत्यार नको का?" गेल्या आठवड्यात आपण वस्तीवरच्या चोऱ्यांबद्दल बोललो, तेव्हाही गाडी शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबली होती. आज त्याचाच विचार करू.

हा प्रश्न विचारणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. क्षेत्रफळानं जत हा सांगली जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. उमदी, संख, माडग्याळ, बिळूर या भागांत फिरलं की दिसतं, माणसं गावात कमी आणि रानातल्या वस्त्यांवर जास्त राहतात. एका वस्तीवरची हाक दुसऱ्या वस्तीवर पोचेलच असं नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की घरातला कर्ता माणूस बॅटरी घेऊन बांधावर, आणि घरी म्हातारी माणसं, बायका, पोरं. डाळिंबाचे किंवा द्राक्षाचे पैसे नुकतेच आलेले असतात. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, म्हणजे गुन्हा करून पळणाऱ्याला दुसऱ्या राज्यात जायला फार वेळ लागत नाही. पोलिसांची गाडी मात्र येईल तेव्हा येईल. अशा ठिकाणचा शेतकरी स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवान्याचा अर्ज करतो, तेव्हा त्याची भीती खरीच असते.

कायदा त्याला दार बंद करत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, पोलीस चौकशी करून अहवाल देतात, मग परवाना मिळतो किंवा नाकारला जातो. नाकारला तर अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारांची मर्यादा घातली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली आणि लग्नात-वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. जीव वाचवण्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. रात्री घर फोडून आत घुसणाऱ्याचा प्रतिकार करताना, परिस्थिती तशीच असेल तर, त्याचा जीव गेला तरी कायदा घरमालकाच्या बाजूनं उभा राहू शकतो. तेव्हा अडचण हक्काची नाही. अडचण सेकंदांची आहे.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टुएलर यांनी १९८३ मध्ये एक साधी गोष्ट मोजून मांडली. हातात सुरा घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून नेमकी गोळी झाडायला रोज सराव असलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आता हे आपल्या घरात बघा. रात्रीचे दोन वाजलेत. कुत्रं भुंकतं. जाग येते, ती अर्धवट. रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात, किल्ली उशाखाली किंवा खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात, काडतुसं वरच्या खणात डब्यात. वीज गेलेली. चष्मा सापडत नाही. दार मोडून कोयते घेतलेली माणसं आत यायला त्यातला किती वेळ देतील? हा उशीर टाळायचा तर हत्यार भरलेलंच उशाशी ठेवावं लागतं, आणि मग दिवसा त्याच खोलीत नातवंडं खेळतात.

हल्लेखोर वेळ निवडतो, जागा निवडतो, पहिला वारही तोच करतो. मूळचे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरताना खून झाला. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी जवळून गोळ्या झाडल्या. दीड वर्षानं कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर तसाच हल्ला झाला. दाभोलकर-पानसरे यांच्या खिशात पिस्तूल असतं तर ते वाचले असते असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी मारले गेले, त्यांना तर पोलीस संरक्षण होतं.

या विषयावर सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला, कारण तिथं घरोघरी बंदुका आहेत. फिलाडेल्फिया शहरातल्या गोळीबारांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की हल्ल्याच्या वेळी ज्यांच्याजवळ बंदूक होती, त्यांना गोळी लागण्याची शक्यता नसलेल्यांच्या सुमारे साडेचार पट होती. यावर आक्षेप रास्त होता : ज्यांना मुळात धोका जास्त, तेच बंदूक बाळगतात, मग दोष बंदुकीचा कसा? म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या १ कोटी ७६ लाख प्रौढांची २००४ ते २०१६ या काळातली नोंद तपासली आणि स्वतःकडे बंदूक नसलेल्या, पण बंदूकधाऱ्याबरोबर एका घरात राहणाऱ्या माणसांकडे लक्ष दिलं. अशा माणसांचा खून होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. घरातच नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून गोळी लागून मरण्याचं प्रमाण सात पट, आणि त्यात बहुतेक बळी बायका. परक्या माणसानं घरात घुसून केलेले खून मात्र या घरांत कमी झालेले दिसले नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला निर्णायक वाटतो. चोर एखाद्या रात्री येतो किंवा कधीच येत नाही. पिस्तूल मात्र वर्षाचे ३६५ दिवस घरातच असतं. भाऊबंदकीची भांडणं, दारू, कर्जाचा घोर, सुनेवरचा राग हे सगळं त्याच छपराखाली असतं. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्याच असतात.

आपल्याकडची उदाहरणंही हेच दाखवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरात एका आमदारानं चक्क पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्यासमोर, जमिनीच्या वादातून परवान्याच्या पिस्तुलानं प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. त्याच आठवड्यात मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्या खुनात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. आणि बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर कळलं की एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने होते. त्या परवान्यांनी बीडच्या सामान्य माणसाला काय संरक्षण दिलं? कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचा धाक मात्र वाढला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ च्या अखेरीस उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार परवाने होते, महाराष्ट्रात ८४ हजार. तरीही लाख लोकसंख्येमागे खुनांचं प्रमाण २०२१ आणि २०२२ या वर्षांत दोन्हीकडे दीड ते दोनच्या घरातच होतं. परवाने वाढले की खून वाढतात असं यावरून म्हणता येत नाही, आणि कमी होतात असंही नाही. सोन्याची पेढी, बँकेची रोकड, खरोखर धमक्या आलेला साक्षीदार अशांना हत्यार किंवा हत्यारबंद रखवालदार देण्याला माझा विरोध नाही. पण तिथं शिकलेला माणूस जागा असतो, आणि ते त्याचं नेमून दिलेलं काम असतं.

मग साध्या वस्तीनं काय करायचं? जुन्या सातारा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीला, गावं सुरक्षित ठेवण्याचा स्वतःचा अनुभव आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारनं कुंडल आणि आसपासच्या गावांत कारभार चालवला. तेव्हा दरोडेखोरांच्या टोळ्यांनी गावं हैराण केली होती. प्रतिसरकारजवळ बंदुका होत्या, जी. डी. बापू लाड यांची तुफान सेनाही होती. पण घराघरात बंदुका वाटून त्यांनी गावं सुरक्षित केली नाहीत. ग्रामदलं उभी केली, रात्रीचा पहारा लावला, तंट्यांचा निवाडा गावातच केला. गुंडाला कळलं की एका घराला हात लावला तर सगळं गाव उठेल.

आज त्याला मोबाईलची जोड आहे. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते : नोंदणी केलेल्या माणसानं एका क्रमांकावर फोन करून संकट सांगितलं की त्याचाच आवाज त्याच वेळी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर वाजतो. ११२ वर फोन केला तर पोलिसांची गाडी निघते. ती लवकर यायची तर गाडी आणि माणसं उमदी-संखसारख्या लांबच्या टापूत रात्री उभी असायला हवीत. तिथं रात्रगस्त वाढवून घेणं हे परवान्याच्या अर्जांपेक्षा कितीतरी जास्त घरांना उपयोगी पडेल.

ज्यांच्या घरी आज परवान्याचं हत्यार आहे, त्यांना एक विनंती. ते रिकामं करून कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा, आणि घरात कुणी खचलेलं असेल, दारूच्या आहारी गेलेलं असेल, तर ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून रीतसर पावती घ्या. आणि जतच्या वाचकांनो, येत्या ग्रामसभेत तीन मागण्यांचा ठराव मांडा : वस्त्यांवर रात्रीचा पहारा, प्रत्येक वस्तीची ग्राम सुरक्षा यंत्रणेत नोंदणी, आणि रात्रगस्तीची गाडी. ठरावाची प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका.

(पुढील आठवड्यात : गावठी कट्टा येतो कुठून?)