तालपियोतचं थडगं आणि १६०चा आकडा

४ मार्च २००७ च्या रात्री अमेरिकेत डिस्कव्हरी वाहिनीवर 'द लॉस्ट टूम ऑफ जीझस' हा चित्रपट दाखवला गेला. जेरुसलेममधलं एक थडगं येशूच्या कुटुंबाचं आहे, हा त्याचा दावा. त्याआधीच्या सोमवारी न्यूयॉर्कमध्ये त्या थडग्यातल्या दोन दगडी पेट्या पत्रकारांपुढे मांडल्या गेल्या, तेव्हापासून 'टायटॅनिक'वाले जेम्स कॅमेरून आणि दिग्दर्शक सिम्खा जाकोबोविची जगभरच्या पडद्यांवर होते. त्यात तो ऐन ख्रिस्ती उपवासकाळ. त्यामुळे सगळा वाद श्रद्धेभोवती फिरत होता. माझं लक्ष मात्र या चित्रपटातल्या गुणाकाराकडे आहे, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

आधी थडग्याविषयी. मार्च १९८० मध्ये जेरुसलेमच्या पूर्व तालपियोत भागात इमारतींचं काम चालू असताना खडकात कोरलेली एक दफनगुंफा उघडी पडली. पुरातत्त्व खात्याच्या योसेफ गात यांनी घाईघाईत ती उकरून नोंदवली. आत चुनखडीच्या दहा अस्थिपेट्या होत्या. त्या काळी मृतदेह आधी कोनाड्यात ठेवत आणि साधारण वर्षभरानं हाडं गोळा करून पेटीत भरत. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी शहर उद्ध्वस्त केलं आणि तिथली ही चालही मोडली. दहापैकी सहा पेट्यांवर नावं कोरलेली आहेत: येशुआ बार येहोसेफ, मारिया, योसे, मत्या, येहुदा बार येशुआ आणि ग्रीक लिपीत 'मरियामेने ए मारा'.

हे कुणी दडवून ठेवलेलं नव्हतं. आमोस क्लोनेर यांनी १९९६ मध्ये उत्खननाचा सविस्तर अहवाल छापला. 'योसेफपुत्र येशू' असं कोरलेली दुसरी एक पेटी सुकेनिक यांनी १९३१ मध्येच जाहीर केली होती. चित्रपटाचा दावा क्लोनेर यांनी ठामपणे फेटाळला.

आता गुणाकार. टोरांटो विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ आंद्रे फॉयरवर्गर यांचा हिशेब असा: 'योसेफपुत्र येशू' १९० पुरुषांत एक, 'योसे' २० पुरुषांत एक, 'मारिया' चार बायकांत एक आणि 'मरियामेने' १६० बायकांत एक. गुणाकार २४ लाख ३२ हजार. ऐतिहासिक साधनांतल्या त्रुटींसाठी चारानं भागायचं, मग जेरुसलेममधली अशी हजार थडगी धरून हजारानं. उरतात सुमारे ६००. म्हणून थडगं येशूच्या कुटुंबाचंच, याच्या बाजूनं 'सहाशेला एक'.

यातला १६० आला कुठून? मरियामेने म्हणजेच मग्दालीया मरिया, हे आधी गृहीत धरलं म्हणून. या ओळखीचा मुख्य आधार 'फिलिपची कृत्ये' हा ग्रंथ. तो चौथ्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर तीनएकशे वर्षांचा. शुभवर्तमानांत तिला असं कुणी म्हणत नाही. ही बाई इतर मरियांसारखीच एक मरिया समजा आणि १६०च्या जागी चार घाला. सहाशेचे पंधरा होतात! एका नावाच्या वाचनावर चाळीसपट फरक पडतो. शिवाय मत्या आणि येहुदा गुणाकारात घेतलेलेच नाहीत. येशूच्या घरात मत्या कुठून आला, आणि ज्या मुलाचा बायबलमध्ये मागमूस नाही तो येहुदा कोण, हे प्रश्न हिशेबाबाहेरच राहिले. फॉयरवर्गर यांच्या गणितात चूक नाही. त्यांच्या हाती दिलेली गृहीतकं कच्ची आहेत. खुद्द 'येशुआ' हे नावही इतकं ओबडधोबड कोरलंय की, पेट्यांची सूची करणाऱ्या रहमानी यांनी त्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं.

डीएनएचं तर याहून कठीण. तपासले फक्त येशुआ आणि मरियामेने या दोन पेट्यांतले कण, तेही मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे आईकडून येणारे. त्यातून एवढंच दिसलं की, ही दोन माणसं एका आईची नाहीत. चित्रपट तेवढ्यावरून त्यांचं लग्न लावून मोकळा होतो. बाकी पेट्या तपासल्याच नाहीत. क्लोनेर यांच्या अंदाजानं त्या गुंफेत सुमारे ३५ माणसं होती आणि एकेका पेटीत अनेकांची हाडं ठेवण्याची रीत होती. मग तळाशी चिकटलेला कण नेमका नाव कोरलेल्या माणसाचाच, हे कशावरून?

मोठी हाडं असती, तर निदान किती स्त्रिया, किती पुरुष, कुणाचं वय किती, हे कळलं असतं. पण ती धार्मिक प्रथेनुसार केव्हाच पुन्हा पुरली गेली. रिकाम्या पेट्या तेव्हा बेट शेमेशच्या गोदामात होत्या.