लोणखेड्याच्या नव्या घरांतला उजेड

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात आणि आसपासच्या गावांत जुनी धाब्याची घरं उतरवून स्लॅबची घरं उभी राहिली. केळी, पपई, ऊस, कापूस यांच्या पैशातून लोकांनी हौसेने बांधलेली ही घरं. फरशी चकचकीत, भिंती गुळगुळीत, वर पीओपीचं छत. त्या छतात मात्र सगळीकडे एकच प्रकार: गोल भोकं पाडून ओळीने बसवलेले पांढरेशुभ्र दिवे. बटण दाबलं की घराचं मोबाइलचं दुकान होतं. एवढा खर्च करूनही संध्याकाळी त्या खोलीत निवांत बसावंसं वाटत नाही. याचं कारण दिव्यांच्या किमतीत शोधू नका, ते दिव्यांच्या जागेत आहे.

जुन्या घरात दिव्याची जागा ठरलेली असे. भिंतीत हाताच्या उंचीवर दिवळी, देवापाशी समई, घरापुढच्या ओट्यावर खुंटीला कंदील. जेवायच्या वेळी तोच कंदील पंगतीच्या मध्ये यायचा. काम जिथे, उजेड तिथे; बाकीचं घर मंद. पूर्वी कंदीलही परदेशातून यायचे. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला. त्या जागेची पुढे ओगलेवाडी झाली आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील खेड्यापाड्यांत पोचला. असा कंदील तुमच्या माळ्यावर पडला असेल तर भंगारात देऊ नका. काच राखेने पुसा, टाकीतलं उरलंसुरलं घासलेट काढून ती धुऊन पूर्ण वाळवा आणि वायरमनकडून आत छोटा होल्डर बसवून घ्या. दोन-तीन वॅटचा पिवळसर एलईडी लावला की ओट्यावर टांगायला याहून देखणी वस्तू बाजारात मिळणार नाही. पत्र्याला वायर घासू नये म्हणून भोकात रबरी बूच हवंच.

आता दिवा विकत घेताना काय पाहायचं ते सांगतो. दुकानात आपण वॅट विचारतो. पण वॅट म्हणजे वीज किती खाल्ली. उजेड किती पडला ते ल्यूमेन सांगतं. जुना ६० वॅटचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, जवळपास तेवढाच ९ वॅटचा एलईडी देतो. फिकट रंगाच्या भिंती असलेल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीला साधारण दीड ते दोन हजार ल्यूमेन पुरतात, म्हणजे असे दोन बल्ब. गडद रंग दिला असेल तर थोडा जास्त.

दुसरा आकडा केल्विनचा. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे सर्रास ६५०० घेतात, कारण तो ‘जास्त’ वाटतो. ओसरी, बैठक आणि झोपायच्या खोलीत मी तो लावू देणार नाही. रात्रीचा निळसर उजेड झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनला अडवतो. शिवाय निळसर उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात. पावसाळ्यात आणि पाऊस सरल्यावर शेताकडेच्या घरात जेवणाच्या ताटात पाखरं पडतात, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. अंगणात आणि ओट्यावर पिवळा दिवा लावा. किडे बंद होणार नाहीत, पण कमी होतील.

तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, आणि याकडे कोणीच पाहत नाही. बहुतेक पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळसर लेप. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशा पांढऱ्या दिव्याचा मार्ग मोकळा केला म्हणूनच. पण स्वस्त दिव्यात लाल रंगाचा अंश तोकडा पडतो. त्यामुळे मिरचीचा लाल रंग मळकट दिसतो, भरताच्या वांग्याचा हिरवा रंग करडा वाटतो, माणसांचे चेहरे फिके पडतात. खोक्यावर सीआरआय ८० तरी हवा. स्वयंपाकघरात आणि आरशापाशी ९० असेल तर उत्तम. दिवा थरथरतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर तो घेऊ नका.

स्वयंपाकघराचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरातला सगळ्यात वाईट उजेड तिथेच असतो. ट्यूब मागच्या भिंतीवर आणि बाई ओट्यापुढे उभी. कापायच्या भाजीवर तिचीच सावली. वरच्या कपाटांच्या खालच्या कडेला एलईडीची पट्टी लावा, सावली जाते. जेवणाच्या टेबलावर लोंबता दिवा हवा असेल तर तो टेबलापासून सव्वादोन-अडीच फुटांवर ठेवा, म्हणजे डोळ्यांत येत नाही. आरशाला वरून एक दिवा देण्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक द्या.

झुंबराची हौस असेल तर जरूर करा, पण ते पीओपीला कधीही टांगू नका. स्लॅबमधल्या हुकालाच टांगा. आणि इथल्या धुळीचा विचार करा. शंभर लोलकांचं झुंबर पुसायला कोण चढणार? साधी काचेची हंडी किंवा पितळी लामणदिव्याच्या घडणीचं फिटिंग या घरांना जास्त शोभतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. एलईडी बहुधा ‘जळत’ नाही, आतला ड्रायव्हर उष्णतेने मरतो. पत्र्याखाली किंवा चारी बाजूंनी बंद काचेत बसवलेला बल्ब म्हणूनच लवकर जातो. हवा खेळेल असं फिटिंग घ्या. व्होल्टेज वरखाली होत असेल तर मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा, आणि वीज गळली की पुरवठा तोडणारं ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी तर प्रत्येक घरात हवंच. बाथरूम आणि उघड्या अंगणातल्या दिव्यावर आयपी ६५, म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा, असं लिहिलेलं पाहा.

घर बांधत असाल तर प्लास्टरच्या आधी वायरमनला संध्याकाळी बोलवा. कोण कुठे बसणार, मुलं कुठे अभ्यास करणार, देव कुठे, शिलाई मशीन कुठे, हे त्याला जागेवर उभं राहून दाखवा आणि भिंतीवर खडूने खुणा करून घ्या. प्रत्येक खोलीत निदान दोन वेगळी बटणं मागा, एक कामाच्या उजेडाचं आणि एक निवांत बसायचं. प्लास्टर झाल्यावर त्याच कामाला भिंत फोडावी लागते.